एकच बोर्ड, बदलता बर्फ : ऑल-माउंटन स्नोबोर्डबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरच्या बेंगळुरूत बर्फ पडत नाही. तरीही या शहरात घरी स्नोबोर्ड बाळगणारी मंडळी आहेत. कोणी नोकरीनिमित्त अमेरिकेत किंवा युरोपात असताना शिकलेलं असतं, कोणी गुलमर्गच्या एका सुट्टीत या खेळाच्या प्रेमात पडलेलं असतं. बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलंमुलीही त्यांत आहेत. हाती वर्षातून जेमतेम आठवडाभराची रजा आणि परवडतो एकच बोर्ड. त्यामुळे निवड बहुतेक वेळा ‘ऑल-माउंटन’ प्रकारावर येऊन थांबते.

अडचण पुढे सुरू होते. खरेदीआधी आपण जी परीक्षणं वाचतो, ती बहुतांशी कोलोरॅडो, व्हर्मांट किंवा आल्प्समधल्या यंत्रांनी सपाट केलेल्या उतारांवर बेतलेली असतात. आपण जातो ते हिमालयातल्या गुलमर्ग, औली किंवा सोलंगला. तिथला बर्फ वेगळा, उतार वेगळे आणि चालवणाराही वेगळा. बोर्डाची परीक्षा बर्फाचा प्रकार आणि चालवणाऱ्याचं वजन सांगितल्याशिवाय पुरी होत नाही, आणि बहुतेक गैरसमज या दोन गोष्टी वगळल्यामुळेच पसरले आहेत.

गैरसमज १ : ऑल-माउंटन बोर्ड कुठल्याही बर्फावर तितकाच सरस ठरतो.

वस्तुस्थिती : हा जाणीवपूर्वक केलेल्या तडजोडीचा बोर्ड आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून ‘स्नर्फर’ बनवला. त्याला पोलादी कडा नव्हती, त्यामुळे तो मऊ बर्फावर रमायचा आणि टणक उतारावर ताब्यात राहत नसे. पुढे पोलादी कडा आणि बूट बोर्डाला घट्ट बांधणारे बाइंडिंग आले, ऐंशीच्या दशकात स्की-केंद्रं एकेक करून स्नोबोर्डला परवानगी देऊ लागली आणि १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. या प्रवासात बोर्डाकडून परस्परविरोधी अपेक्षा वाढत गेल्या.

खोल ताज्या बर्फावर तरंगायला लांब, रुंद, वर उचललेलं नाक, म्हणजे बोर्डाचं पुढचं टोक लागतं. टणक उतारावर वळण कापायला कडेची जास्तीत जास्त लांबी बर्फाला टेकलेली हवी. उड्या आणि गिरक्यांसाठी दोन्ही टोकं सारखी आणि फळी हलकी असलेली बरी. हे सगळं एकाच बोर्डात पूर्णपणे बसत नाही. ऑल-माउंटन बोर्ड प्रत्येकातलं थोडंथोडं घेतो. पुष्कळदा त्याची बाह्याकृती दोन्हीकडे सारखी असते, पण बाइंडिंगची जागा मध्यापासून किंचित मागे सरकवलेली असते. म्हणून त्याला गुण देताना सरासरी काढू नये. ताजा बर्फ, दाबलेला उतार, फुटकळ ढेकळांचा बर्फ, ओला बर्फ आणि कडक थर यांचे गुण वेगवेगळे लिहावेत.

गैरसमज २ : रॉकर नवा म्हणून चांगला, कँबर जुना म्हणून टाकाऊ.

वस्तुस्थिती : बोर्ड सपाट जमिनीवर ठेवून बाजूने पाहा. मधला भाग कमानीसारखा वर असेल तर तो कँबर. मधला भाग टेकून टोकं लवकर उचलली गेली असतील तर तो रॉकर. कँबरवर उभं राहिलं की कमान दबते आणि कडेच्या दोन्ही टोकांपर्यंत दाब पोचतो, म्हणून टणक उतारावर त्याची पकड जास्त असते. रॉकरचं नाक सहज वर राहतं, त्यामुळे खोल बर्फात मागच्या पायाचे स्नायू कमी दमतात आणि कडा चुकून रुतण्याचं प्रमाण घटतं. त्याची किंमत कडक थरावर मोजावी लागते, कारण तिथे टोकं हवेत राहतात आणि बोर्ड आडवा घसरतो. आजच्या बऱ्याचशा ऑल-माउंटन बोर्डांत दोन्हींचं मिश्रण असतं, बहुधा पायांखाली किंवा पायांमध्ये कँबर आणि नाकाकडे रॉकर. वर्षातून एकदाच बर्फ गाठणाऱ्याला हे मिश्रण सोयीचं पडतं.

गैरसमज ३ : गुलमर्गला जायचं म्हणजे रोज पाऊडरच, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फच मिळणार.

वस्तुस्थिती : गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथल्या गोंडोलाचा (केबल कारचा) पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला आणि तो कोंगदूरीपर्यंत, म्हणजे साधारण ३,०८० मीटरपर्यंत नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या अंगावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत पोचवतो. वरच्या टप्प्याखालचे विस्तीर्ण उतार यंत्राने दाबले जात नाहीत. त्यामुळे एका दिवसातच चार प्रकारचा बर्फ पायांखाली येऊ शकतो: माथ्याजवळ वाऱ्याने घट्ट झालेला थर, मधल्या उतारावर इतरांनी कापून ठेवलेली ढेकळं, झाडांच्या सावलीत अजून मऊ राहिलेला बर्फ आणि मार्चच्या दुपारी खाली ओला लगदा.

आकड्यांतूनही हा फरक कळतो. ताज्या कोरड्या बर्फाचं वजन घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो असतं, वाऱ्याने दाबलेल्या बर्फाचं ३०० किलोच्या पुढे जातं आणि निखळ गोठलेल्या बर्फाचं सुमारे ९१७ किलो असतं. बर्फ वेळेवर पडेलच असंही नाही. जानेवारी २०२४ च्या बऱ्याच काळात गुलमर्गचे उतार उघडे होते आणि २०२५ मध्ये बर्फाअभावी तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. खास पाऊडरसाठी बनवलेला बोर्ड घेऊन जाणारा अशा वर्षी अडकतो. ऑल-माउंटन बोर्डाची खरी उपयुक्तता इथे दिसते.

गुलमर्गहून बाबा रेशी, द्रंग किंवा तंगमर्गकडे उतरणाऱ्या वाटांवर शेवटी लांब सपाट पट्टे लागतात. स्कीवाल्याकडे काठ्या असतात, स्नोबोर्डवाल्याला एक पाय सोडवून ढकलत जावं लागतं. म्हणून सपाटीवर बोर्ड किती वेग टिकवतो, हा इथल्या परीक्षेतला एक प्रश्न असायलाच हवा. परदेशी परीक्षणांत त्याला क्वचितच जागा मिळते.

गैरसमज ४ : बोर्ड उभा धरला आणि हनुवटीपर्यंत आला की माप बरोबर.

वस्तुस्थिती : बर्फाला तुमची उंची कळत नाही, दाब कळतो. सारख्याच उंचीच्या ६० आणि ८५ किलोच्या दोन माणसांना एकच लांबी दिली, तर पहिल्याला बोर्ड वाकवता येणार नाही आणि दुसऱ्याच्या बोर्डाचं नाक खोल बर्फात बुडेल. उत्पादक प्रत्येक लांबीसाठी वजनाची मर्यादा देतात. हिवाळी कपडे, बूट आणि पाठपिशवी धरून त्या तक्त्यात स्वतःला शोधावं.

दुसरं माप बोर्डाच्या कमरेच्या, म्हणजे मधल्या अरुंद भागाच्या रुंदीचं. मोठ्या बुटांना अरुंद बोर्ड दिला तर वळण तीव्र होताच बोटं किंवा टाच बर्फाला घासते आणि कडा सुटते. खूप रुंद बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावतो. दुकानात बूट बाइंडिंगमध्ये बसवून दोन्ही बाजूंना तो किती बाहेर येतो, हे पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

गैरसमज ५ : ताठ बोर्ड म्हणजे वरच्या दर्जाचा बोर्ड.

वस्तुस्थिती : ताठपणासाठी १ ते १० असे आकडे छापलेले असतात, पण त्यांचं सर्व कंपन्यांना बांधील असं एकच मानक नाही. एकीचा ६ दुसरीच्या ५ किंवा ७ सारखा वाटू शकतो. ताठ बोर्ड वेगात आणि ढेकळांत कमी थरथरतो, हे खरं. पण त्याला वाकवायला वेग, वजन आणि तंत्र लागतं. वर्षातून आठवडाभर चालवणाऱ्याला मध्यम लवचीक बोर्ड लवकर शिकवतो, कारण झाडांमधल्या संथ वळणात तो लगेच ऐकतो. हातात धरून वाकवण्यापेक्षा एका वळणातून दुसऱ्या वळणात जाताना बोर्डाला पीळ किती पडतो, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

गैरसमज ६ : बोर्ड अडखळतो किंवा घसरतो, म्हणजे बोर्डच वाईट.

वस्तुस्थिती : दोष पुष्कळदा देखभालीत किंवा जोडणीत असतो. बोर्ड सरकताना तळाखाली पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. कडाक्याच्या थंडीत तो पुरेसा तयार होत नाही, आणि ओल्या बर्फात पाणी इतकं वाढतं की तळ चिकटून बसतो. म्हणून थंडीसाठी कडक मेण आणि वसंतातल्या बर्फासाठी मऊ मेण वापरतात. सकाळी सुरेख धावलेला बोर्ड दुपारी पाय धरून ठेवतो, त्याचं कारण बहुधा हेच.

पकडीचंही तसंच. कडा बोथट असेल, बूट टाचेत सैल असेल, बाइंडिंगचे कोन चुकीचे असतील, तर उत्तम बोर्डही नापास होतो. बेंगळुरूत यात आणखी एक भर पडते. जून ते सप्टेंबर या दमट महिन्यांत पिशवीत ओला राहिलेला बोर्ड कडेला गंज धरतो. परत आल्यावर तो पूर्ण वाळवावा, तळावर मेणाचा जाड थर देऊन तसाच राहू द्यावा, आणि उन्हातल्या गॅलरीपासून दूर कोरड्या जागी ठेवावा. पुढच्या मोसमात मेण खरवडून काढलं की तळ तयार.

गैरसमज ७ : स्केटबोर्ड येत असेल किंवा बेंगळुरूतल्या स्नो सिटीत बर्फावर खेळलं असेल, तर बोर्डाची परीक्षा इथेच घेता येते.

वस्तुस्थिती : बेंगळुरूतली स्केटबोर्डिंगची चळवळ जोमदार आहे आणि होलीस्टोक्डसारख्या गटांनी तिच्यासाठी खूप कष्ट घेतले आहेत. तोल, गुडघ्यांची लवचीकता आणि पडण्याची भीती जाणं, हे सगळं स्केटबोर्डवरून सोबत येतं. कडेचं ज्ञान मात्र येत नाही, कारण स्केटबोर्ड चाकांवर वळतो आणि पाय मोकळे असतात. स्नोबोर्डवर दोन्ही पाय बांधलेले असतात आणि वळण पुढच्या पायावर वजन देऊन सुरू होतं. स्नो सिटी हे कुटुंबासह कृत्रिम बर्फात खेळण्याचं बंदिस्त ठिकाण आहे. वेगवेगळे उतार आणि वेगवेगळा बर्फ तिथे मिळत नाही. म्हणून पहिल्या एक-दोन फेऱ्यांना बोर्ड भाड्याने घेणं शहाणपणाचं. गुलमर्गमध्ये ती सोय आहे, आणि १९६८ पासून तिथे चालणाऱ्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेसारखं प्रशिक्षण केंद्रही आहे.

गैरसमज ८ : बोर्ड ‘सगळ्या डोंगरासाठी’ आहे, म्हणजे तो घेऊन कुठेही उतरता येतं.

वस्तुस्थिती : हा सर्वांत धोकादायक समज आहे. बोर्डाचा प्रकार उताराच्या सुरक्षिततेबद्दल काहीही सांगत नाही. हिमस्खलन बहुतेक वेळा साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं, आणि स्नोबोर्डवाल्याला मोहात पाडणारे उतारही हेच. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवरच्या हिमस्खलनात दोन पोलिश पर्यटकांचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या वरच्या उतारांवर पुन्हा बळी गेला. गस्तीपथकाने बंद केलेल्या भागात जाऊ नये. खुल्या पण न दाबलेल्या भागात माहीतगार मार्गदर्शक, बर्फात गाडलेल्याचा ठाव देणारं शोधयंत्र (ट्रान्सीव्हर), शोधकाठी आणि फावडं घेऊनच जावं, आणि ही साधनं वापरण्याचा सराव आधी करावा.

मग परीक्षा घ्यायची कशी?

ओळखीचा एखादा उतार निवडा. आधी सवयीच्या बोर्डावर उतरा, मग नव्या बोर्डावर आणि पुन्हा जुन्यावर. तिसरी फेरी गाळू नका, कारण मधल्या वेळात बर्फ बदललेला असतो आणि तो बदल नव्या बोर्डाच्या नावावर जमा होतो. बूट तेच ठेवा, बाइंडिंगचे कोन आणि पायांमधलं अंतर तेच ठेवा, दोन्ही बोर्डांना एकच मेण लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच फरक कशामुळे पडला हे सांगता येतं.

प्रत्येक प्रकारच्या बर्फावर पाच गोष्टी टिपा: वळण किती सहज सुरू होतं, कडा किती धरून ठेवते, नाक किती वर राहतं, ढेकळांत पाय किती हादरतात आणि सपाटीवर वेग किती टिकतो. शेजारी वेळ आणि तापमान लिहा. औलीच्या दाबलेल्या उतारावर जास्त जाणार असाल तर पकडीला जास्त वजन द्या. अफरवटचं स्वप्न असेल तर तरंगण्याला आणि सपाटीवरच्या वेगाला द्या. अजून पहिलीच वळणं शिकत असाल तर या सगळ्यांपेक्षा संथ वेगातल्या आज्ञाधारकपणाला द्या, आणि बोर्डावरचे पैसे वाचवून ते चांगल्या बुटांवर आणि प्रशिक्षकाच्या शुल्कावर खर्च करा. आठवडाभराच्या रजेत तुमची प्रगती सगळ्यांत जास्त या दोन गोष्टी घडवतात.