चौदा तासांपर्यंतच काम का?

‘भत्ता मिळाला की लोक काम टाळतात,’ हे तुम्हीही ऐकलं असेल. आधी जर्मनीतला हा हिशेब बघा. समजा, तुमचा बेकारी भत्ता महिन्याला 1,200 युरो. अर्धवेळ काम धरलंत, निव्वळ 400 युरो आले. हातात किती? 1,600 नाही, 1,365! पहिले 165 तुमचे. पुढचा प्रत्येक युरो भत्त्यातून कापला जातो. अर्थशास्त्रात याला 100 टक्के सीमांत कर म्हणता येईल. आणि आठवड्याचे 15 तास भरले की कायद्याने तुम्ही बेकार नाहीच, भत्ता बंद.

प्रशिक्षणाचं गणित बरं आहे: भत्ता चालू राहतो, दोन दिवसांमागे हक्काचा एकच दिवस खर्ची पडतो. फक्त मंजुरी हातात आल्याशिवाय वर्ग सुरू करू नका.