बंबाचे सरपण आणि ऑक्टोबरचे ऊन

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा 10 अंशांखाली उतरतो. गिझर येण्यापूर्वी विश्रांतवाडीपासून पेठांपर्यंत अशा पहाटे तांब्याचा बंब पेटे. त्याच्या मधल्या नळीत जळण, भोवती पाणी.

जळण मात्र कोरडे हवे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते; ते उडवण्यातच उष्णता खर्च होते आणि धूर कोंडतो. ओलावा 20 टक्क्यांखाली आला की लाकूड नीट जळते.

म्हणून पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबरचे ऊन मोलाचे. साल ओल धरून ठेवते, त्यामुळे ओंडके उभे फोडावेत. विटांवर फळ्या टाकून सरपण फटी ठेवून रचावे. वर पत्रा, बाजू मोकळ्या. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले तर बुरशी येते.

टोकांना चिरा पडल्या, दोन लाकडे आपटून टणटणीत आवाज आला, की सरपण तयार. रंगवलेले लाकूड आणि प्लायवूड यात मिसळू नये. त्यांचा धूर विषारी असतो.