गावातील नोंद ते देशाचे धोरण : डॉक्टरांचे योगदान

रुग्ण तपासणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य होय. परंतु सार्वजनिक आरोग्याचे धोरण घडविण्यातही त्यांचा मोठा वाटा असतो. याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रात आढळते.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावोगावच्या जन्म-मृत्यूंच्या नोंदींवरून, अनेक बाळे पहिल्याच महिन्यात घरी दगावतात, हे स्पष्ट झाले. म्हणून ३९ गावांतील स्त्रियांना बाळाची तपासणी, ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्गावरील इंजेक्शन यांचे प्रशिक्षण देण्यात आले. इतर गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. केंद्र सरकारने २०११ मध्ये ही पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत स्वीकारली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा व घरी जन्मलेल्यासाठी सात गृहभेटी ठरल्या. इंजेक्शनचे काम मात्र आशांकडे दिले नाही.

तात्पर्य, डॉक्टरांच्या मताला नोंदींमुळे वजन येते. तरीही पुराव्याचे धोरण होण्यास बारा वर्षे लागली, आणि तेही पूर्णपणे झाले नाही.

आपला जोयडा तालुकाही जंगलाचा, विखुरलेल्या वाड्यांचा आहे. ठरलेल्या सर्व गृहभेटी होतात काय, हे विद्यार्थ्यांनी आपापल्या वाडीत विचारून लिहावे. आपण अध्यापकांनी ती नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांपर्यंत पोहोचवावी. धोरणाची सुरुवात अशाच वहीतून होते.