श्रद्धा ओसरली, देऊळ उभें

ज्या देशांतून आलेल्या पाद्र्यांनीं आमच्या मुंबई-पुण्यांत शाळा काढल्या आणि आमच्या पूर्वजांशीं धर्मावर वाद घातले, त्या देशांतच आज ख्रिस्ताचें घर कितपत नांदतें आहे, ही जिज्ञासा वाचकांस सहज होईल. इंग्लंड व वेल्स मिळून २०२१ सालीं जी खानेसुमारी झाली, तींत शेंकडा ४६.२ लोकांनीं आपला धर्म ख्रिस्ती म्हणून नोंदविला. दहा वर्षांपूर्वीं हाच आंकडा ५९.३ होता. कोणताच धर्म नाहीं, असें सांगणारे ३७.२ निघाले. ख्रिस्ती लोक निम्म्याहून कमी भरण्याचा हा पहिलाच प्रसंग.

पण एवढ्यावरून तेथील धर्म आटोपला, असें आम्हांस वाटत नाहीं. आठव्या हेन्रीनें १५३४ सालीं पोपाशीं संबंध तोडून जी चर्चसंस्था आपल्या हातीं घेतली, तिचा अधिपति आजही राजाच आहे. तिचे २६ बिशप लॉर्डांच्या सभेंत बसतात. वेल्समधील चर्च १९२० सालींच राज्यापासून वेगळें झालें आणि स्कॉटलंडचें तर वळणच निराळें. तरी तेथील रयतेच्या कायद्यांवरही मत देतात ते हेच इंग्लंडचे बिशप! ६ मे २०२३ रोजीं तिसऱ्या चार्ल्सला वेस्टमिन्स्टर ॲबींत ख्रिस्ती विधीनेंच अभिषेक झाला. मात्र बायबलांतील उतारा वाचला तो ऋषि सुनक या हिंदु पंतप्रधानांनीं, आणि राजाची अंगठी पुढें केली ती लॉर्ड पटेल या हिंदु सरदारांनीं.

इंग्लंडांतील प्राथमिक शाळांपैकीं सुमारें चतुर्थांश चर्चच्या आहेत. त्यांतील कांहीं नामांकित शाळा प्रवेश देतांना चर्चला नियमानें येणाऱ्या कुटुंबांस अग्रक्रम देतात. म्हणून देव न मानणारे आईबापही रविवारीं मुलाचें बोट धरून बांकावर येऊन बसतात. हंसण्याचें कारण नाहीं. संध्या सुटली पण गणपति सुटला नाहीं, अशीं घरें आमच्याकडेही थोडीं नाहींत.

चर्चच्या अब्रूस धक्केही बसले. मुलांवरील अत्याचारांच्या एका प्रकरणांत हयगय झाल्याच्या ठपक्यावरून कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनीं नोव्हेंबर २०२४ मध्यें राजीनामा जाहीर केला. त्यांच्या जागीं ऑक्टोबर २०२५ मध्यें सारा मलाली यांची निवड झाली. पूर्वीं परिचारिका असलेल्या या बाई त्या पदासाठीं निवडलेल्या पहिल्याच स्त्री होत.

आम्हांस अधिक विचारांत पाडणारी गोष्ट मात्र याहून साधी आहे. ट्रसेल ट्रस्ट या संस्थेनें २००० सालीं सॅलिसबरी येथें शिधावांटपाचें एक केंद्र काढलें; आज अशा केंद्रांचें जाळें देशभर पसरलें असून त्यांतील पुष्कळ चर्चच्या सभागृहांत भरतात. डॉक्टरनें, शाळेनें किंवा सल्लाकेंद्रानें दिलेली चिठ्ठी दाखविली कीं निदान तीन दिवसांचा शिधा मिळतो: डबाबंद घेवडा, सूप, तांदूळ, चहा, टिकाऊ दूध. घेणाऱ्यास अवघडल्यासारखें होऊं नये म्हणून बऱ्याच ठिकाणीं आधीं चहाचा पेला पुढें करतात. धर्म कोणता, हें कोणी विचारीत नाहीं.

हीं मेजें मांडणारे हात पुष्कळदां म्हाताऱ्यांचे असतात. इंग्लंडच्या चर्चच्या सुमारें १६,००० इमारती आहेत; त्यांच्या डागडुजीचा मुख्य भार सरकारवर नसून त्या त्या गांवच्या भाविकांवर आहे. भाविक घटले कीं वर्गणी घटते आणि छप्पर गळूं लागतें. एखाद्या खेड्यांत शेवटीं दाराला कुलूप लागलें कीं शिध्याचीं मेजेंही उठतात, आणि चिठ्ठी घेऊन आलेल्या आईला पुढच्या गांवची बस गांठावी लागते.