लाकूड मालिमचं, नंबर वेंगुर्ल्याचा

मालिमच्या जेटीवर पोचल्यावर आमचा मेस्त, होड्यांचा सुतार, विकाऊ होडीकडे बघतच नाही. आधी शेजारच्या होडीकडे बघतो, मग मांडवीच्या पाण्याकडे, मग पलीकडच्या पणजीकडे. मालक दाजींशी बोलण्यात गुंतला की खिशातून छोटी हातोडी काढतो आणि नाळेपासून ठोकायला सुरुवात करतो. टण्, टण्, टण्. चार बोटं पुढे सरकतो, पुन्हा टण्. मालकाचं दाजींकडचं लक्ष उडतं.

मेचा शेवटचा आठवडा चालू आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, गोव्यातही आणि आपल्याकडे महाराष्ट्रातही. जेटीला होड्या तीन-तीन, चार-चार एकमेकींना बांधून उभ्या आहेत, शेवटच्या होडीवर जायचं तर मधल्या सगळ्या ओलांडाव्या लागतात. ओडिशा-झारखंडची खलाशी पोरं पिशव्या भरून गावच्या गाडीची वाट बघत बसली आहेत. जाळी उतरवून त्यांचे ढीग घातलेत. जुनी होडी घ्यायला हाच मोसम बरा, असं दाजींचं म्हणणं. पावसाळ्यात रंग, सांधे बुजवायची कलफात, इंजिनाची उघडझाप असा सगळा खर्च मालकाच्या अंगावर येतो. ज्याला धंद्यातून सुटायचं आहे तो त्याच्या आधीच सुटायला बघतो.

दाजी वेंगुर्ल्याचे, गाबीत. त्यांची स्वतःची होडी आता दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे. डोळ्यांसमोर दोन होड्या आहेत. एक ही मालिमची, पंचेचाळीस फुटी, वर फायबर मारलेली, सहा सिलिंडरचं लेलँड इंजिन. मालक चौदा लाख मागतो. दुसरी वेंगुर्ल्यातच, जवळजवळ तेवढीच, तेवढीच जुनी. तिथे आकडा एकोणीसचा. पाच लाखांचा फरक कशाचा, ते बघायला आम्ही पहाटे निघून इथे आलो आहोत.

"पळय, कितें पळोवपाचें तें पळय," मालक म्हणतो. "फट मारिना हांव."

मेस्त बघतोच आहे. फायबरवर हातोडीचा आवाज सगळीकडे सारखाच येतो, म्हणून तो बाहेरचं ठोकणं सोडून आत उतरतो. मीही मागोमाग. आत डिझेल, शिळी मासळी आणि ओलं लाकूड यांचा वास आहे. मेस्त पठाणाकडे, तळाच्या कण्याकडे, फारसा बघत नाही, खालच्या फळ्यांकडेही नाही. बॅटरी वर धरून तो केबिनच्या कोपऱ्याखालचे वाक, होडीच्या बरगड्या, बघतो, डेकच्या फळ्या कडेला भेटतात तिथे बघतो. खिशातला पातळ स्क्रूड्रायव्हर काढून एका सांध्यात दाबतो. तो अर्धा इंच सहज आत जातो.

"खाऱ्या पाण्यान लाकूड मरना नाय," तो मला सांगतो. "पावसाच्या पाण्यान मरता. वरना गळता, हय रवता, आणि फायबर मारल्यार भायर जावक वाट नाय. भायरना बघलास तर नवरी."

इतकं तो मोठ्याने म्हणतो, मालकाला ऐकू जाईल असं. मग आणखी दोन ठिकाणी स्क्रूड्रायव्हर घालतो. एका जागी लाकूड टणक निघतं, दुसऱ्या जागी भुसा हातात येतो. तो भुसा हातात धरूनच मेस्त वर येतो आणि मालकाच्या पुढ्यात तळहात उघडतो. मालक बघतो, खांदे उडवतो. चार वाक बदलावे लागतील, मेस्त म्हणतो. दोन, मालक म्हणतो. त्यात राग कुणालाच येत नाही. परक्या गावात परक्याच्या होडीला नावं ठेवणं सोपं असतं. दोघांनाही ते ठाऊक आहे, आणि परत एकमेकांची तोंडं बघायची वेळ येणार नाही हेही.

इंजिनाकडे दाजी स्वतः जातात. सुरू करायच्या आधी ब्लॉकवर हात ठेवतात आणि लगेच उचलतात.

"गरम असा."

"सकाळीं मात्शें चलयलें," मालक म्हणतो.

थंड इंजिन पहिल्या झटक्याला कसं उठतं, किती धूर टाकतं, धूर काळा की पांढरा की निळसर, यावरून दाजींना अर्धी कहाणी कळते. ती कहाणी मालकाने सकाळीच सांगून संपवली आहे. तरी दाजी इंजिन चालू करायला लावतात, तेलाची टोपी उघडून वर हात धरतात. वाफेसारखा धूर तळव्याला ढकलतो, फार नाही, पण ढकलतो. गिअर मागे-पुढे घालून बघतात. शाफ्ट पाण्याबाहेर जातो तिथून थेंबाथेंबाने पाणी येतंय, ते मात्र सगळ्याच होड्यांना येतं म्हणून कुणी मनावर घेत नाही. पंखा बघायचा तर होडी वर काढायला हवी, ते आज होणार नाही. शेवटी दाजी डिपस्टिकवरचं तेल बोटांत चोळतात आणि घरच्या मेकॅनिकला दाखवायला थोडं तेल मागतात. एक खलाशी ते फेणीच्या रिकाम्या बाटलीत काढून देतो.

होडीचं झालं. आता कागद.

मालक प्लास्टिकच्या पिशवीतून फाइल काढतो. नोंदणीचं पुस्तक आहे, विमा आहे, परवाना आहे. दाजी चष्मा लावून पहिलंच पान बराच वेळ वाचतात आणि मग विचारतात, हे नाव कुणाचं? भावाचं. भाऊ कुठे? स्विंडनला. गोव्याच्या किनाऱ्यावर हे उत्तर काही नवं नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्यांच्या नावाने इथे घरं आहेत, बागा आहेत, होड्याही आहेत. भाऊ सही पाठवील, मुखत्यारपत्र करता येईल, मालक म्हणतो. "कागद मागीर जातले. तूं होडें व्हर."

दाजी वेंगुर्ल्याला मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावतात आणि स्पीकरवर टाकतात. सेक्रेटरी थेट विचारतात, होडी पर्ससीनची की ट्रॉलिंगची? डेकची मागची बाजू मोकळी, रुंद आहे. पर्ससीनचीच होती कधीतरी, हे आम्हाला दिसतंय. परवान्यावर काय आहे ते वाच, सेक्रेटरी म्हणतात. पर्ससीन असेल तर 2016 च्या फेब्रुवारीतल्या आदेशानंतर आपल्याकडे नवा परवाना नाही. ट्रॉलिंग असेल तरी गोव्याच्या खात्याकडून नोंदणी रद्द झाल्याचा कागद आण, ना हरकत आण, होडीवर बोजा नसल्याचं आण. मग आपल्याकडे ऑनलाइन नवा अर्ज, मग अधिकारी येऊन होडी बघणार, मग नंबर. आणि नंबर नाही तोवर डिझेलवरच्या कराचा परतावा विसर.

"आणि मदी कोणी पकडल्यान तर?" दाजी विचारतात.

"तर तू गोयकार," सेक्रेटरी म्हणतात आणि हसतात.

हे हसणं दाजींना आवडत नाही. सिंधुदुर्गात परराज्यातल्या ट्रॉलरांवर राग आहे, आणि तो उगीच नाही. रात्रीचे येऊन जवळच्या पाण्यात जाळी ओढून गेलेले हायस्पीड ट्रॉलर मालवण-वेंगुर्ल्याच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेत. गोव्याचा मासेमारी कायदा 1980 चा, महाराष्ट्राचा 1981 चा. दोन्ही आपापल्या किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत चालतात आणि तेरेखोलच्या मुखाशी पाण्यावर रेघ कुठेच नाही. होडीच्या नाळेवर रंगवलेली अक्षरं तेवढी आहेत. तीही पूर्वी इतकी कुणी वाचत नसे. 2008 मध्ये पोरबंदरची 'कुबेर' होडी अतिरेक्यांनी पळवली, तीवरून ते मुंबईकडे आले, आणि तेव्हापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीला, खलाशाला कागद लागतो. दाजी म्हणतात त्यातही तथ्य आहे: तपासणी हवीच, पण मालिमहून वेंगुर्ल्याला समुद्राने तीन-चार तासांत होडी येते आणि तिचा कागद महिनोन्महिने वाटेतच असतो.

मालकाचा निरोप घेताना दाजी हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. मालक साडेतेरावर येतो. मेस्त तळहातावरचा भुसा आत्ता कुठे पाण्यात झटकतो.

सावंतवाडीला एक पार्ट घ्यायचा असल्याने आम्ही हायवेने येतो. पत्रादेवी ओलांडतो. 1961 च्या डिसेंबरपर्यंत इथे दोन देशांची हद्द होती, आता गाडीचा वेगही कमी होत नाही. इन्सुलीच्या नाक्यावर मात्र हात आडवा येतो. दारूबंदीचा शिपाई मागच्या सीटवरची फेणीची बाटली उचलतो, उजेडात धरतो, आत काळंभोर. बूच काढून वास घेतो आणि तोंड फिरवतो.

"काय आहे हे?"

"लेलँड," मेस्त सांगतो.

शिपाई बाटली परत ठेवतो, हात रुमालाला पुसतो, जावा म्हणतो. बाटलीभर गोव्याचं तेल तेवढं विनासायास महाराष्ट्रात येतं.

दुपारी वेंगुर्ल्यात दुसरी होडी. मालक आबा, साठी ओलांडलेले. थोरला मुलगा मोपाच्या विमानतळावर नोकरीला लागलाय, धाकट्याला समुद्र नको. खाडीत होडी ओहोटीने अर्धी उघडी पडली आहे, त्यामुळे पंखा, सुकाणू, पठाण सगळं दिसतंय. मालिमला जे बघायला मिळालं नाही ते इथे आयतं समोर आहे. इंजिनही थंड. दाजी ते सुरू करतात, दुसऱ्या झटक्याला उठतं, सुरुवातीला निळसर धूर टाकतं आणि मग शांत होतं.

आणि मेस्त? मेस्त खाली चिखलात उभा आहे. हातोडी खिशातच. उजव्या बाजूच्या एका फळीवरून तो हात फिरवतो, पुन्हा फिरवतो. निवतीच्या खडकांवर ही होडी घासली होती ते सगळ्या बंदराला माहीत आहे. ती फळी बसवणारा मेस्त हाच. होडी बांधली तेव्हाही तो होता, त्याच्या बापाच्या हाताखाली. आबा वरून विचारतात, "काय मेस्तानू, बरी असा मां?" मेस्त मान हलवतो. आबांची सून चहा घेऊन आली आहे. तीन कप, आणि मेस्तासाठी बिनसाखरेचा वेगळा, न विचारता.

मी दाजींच्या तोंडाकडे बघतो. त्यांना कळतंय. मालिमला लाकूड मन भरून तपासता आलं आणि कागद हाताला लागला नाही. इथे कागद उघडा आहे आणि होडीला स्क्रूड्रायव्हर लावायची सोय नाही.

कागदाचंही अगदी गोमटं नाही. आबांच्या होडीवर महाराष्ट्राचा नंबर आहे, ट्रॉलिंगचा परवाना आहे, नावबदल आपल्याच खात्यात. पण होडी राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून, सोसायटीमार्फत बांधलेली. कर्ज फिटलं असं आबा म्हणतात. संध्याकाळी सोसायटीच्या कचेरीत सेक्रेटरी रजिस्टर उघडतात, बोट फिरवत खाली येतात आणि एका ओळीवर थांबतात. मुद्दल फिटलंय. व्याज थोडं राहिलंय. ते भरल्याशिवाय ना हरकत देता येणार नाही.

"ता मी भरतंय," दाजी म्हणतात. "किमतीतना वजा करूया."

"वजा कित्याक?" आबा म्हणतात. "जीपीएस नवो असा. विंचेचो रोप गेल्या वर्साचो. माका एकोणीस सांगूक लाज वाटता, बावीस मागूक होये होते."

"लाकूड बघूक होया आबा. आतसून."

"मेस्तान बघल्यान मां."

सगळे मेस्ताकडे बघतात. तो खिडकीतून बंदराकडे बघतोय.

"माका इचारू नकास," तो म्हणतो. "फळी माझीच असा."

सेक्रेटरी रजिस्टर मिटतात. दाजी बाहेर व्हरांड्यात येतात, फोन काढतात, सकाळचा नंबर शोधून लावतात. मालिमच्या मालकाला वाटतं सौदा ठरला. तो लगेच तेरावर येतो. होडीचं अजून नाही, दाजी सांगतात, पण एक विचारायचं होतं. तुमच्याकडे जेटीवर चांगला मेस्त कोण आहे? एक होडी बघायला दिवसभर वेंगुर्ल्याला येईल असा. इकडे कुणाला ओळखत नसेल तर आणखी बरं.

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग मालक मोकळेपणी हसतो.

"आसा," तो म्हणतो. "पूण तो फुकट येवचो ना."