आजी विसरते तेव्हा मेंदूत काय घडत असते?

पुणे स्टेशनच्या बाजूला, रेल्वे रुळांना लागून असलेल्या एका वस्तीतली ही गोष्ट. नावे देत नाही, घरच्यांना रोज त्याच गल्लीतून जायचे असते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एक आजी. दर रविवारी विहारात पुढच्या रांगेत बसणार, त्रिशरण-पंचशील म्हणताना एक शब्द चुकणार नाही. दीड-दोन वर्षांपासून मात्र दुपारी जेवलो की नाही, हेच त्यांना आठवेना. एकदा सार्वजनिक शौचालयातून परत येताना आपलीच गल्ली चुकल्या. मग एक दिवस त्यांनी सुनेवर आळ घेतला, "माझी कानातली फुलं हिनंच काढून घेतली."

फुले दोन महिन्यांनी तांदळाच्या डब्यात सापडली, चिंधीत बांधून ठेवलेली. आजींनीच ठेवली होती. पण तोवर घरात बोलणे बंद झाले होते, सून माहेरी जाऊन आली होती. एका दवाखान्यात "वय झालंय, असं व्हायचंच" म्हणून परत पाठवले होते आणि शेजारची एक बाई "बाहेरचं असेल, एकदा दाखवून घ्या" असे सांगून गेली होती.

बाहेरचे काही नव्हते. आणि निव्वळ वयाचेही नव्हते. वय वाढले की नाव चटकन आठवत नाही, चष्मा कुठे ठेवला ते विसरते, हे खरे. पण रोजची गल्ली न ओळखणे हा आजार आहे. आजींना अल्झायमर झाला होता.

ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो, ते डॉ. अलोइस अल्झायमर जर्मनीतले. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात त्यांच्याकडे ५१ वर्षांची एक बाई आली, ऑगस्टे डेटर. तिचीही सुरुवात संशयानेच झाली होती, नवऱ्यावरच्या. पुढे तिला स्वतःचे नावसुद्धा नीट लिहिता येईना. १९०६ मध्ये ती गेली. अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप घेतले, चांदीच्या क्षाराने रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर कसलेतरी ढिगारे आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. आज सव्वाशे वर्षांनीही या आजाराचे संशोधन याच दोन गोष्टींभोवती फिरते आहे.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीला तारेसारखा एक लांब धागा असतो. त्यातून संदेश जातो आणि पेशीला लागणारा मालही जातो. हा माल वाहून नेण्यासाठी धाग्याच्या आत अतिशय बारीक नळ्यांचे जणू रूळच टाकलेले असतात. रूळ जागेवर राहावेत म्हणून खाली स्लीपर लागतात, ते वस्तीतल्या पोराटोरांनाही माहीत आहे. पेशीत हे स्लीपरचे काम टाऊ नावाचे प्रथिन करते. अल्झायमरमध्ये टाऊवर फॉस्फेटचा बोजा गरजेपेक्षा जास्त चढतो. ते रुळावरून सुटते आणि सुटलेले तुकडे एकमेकांना चिकटून त्यांचा गुंता होतो. रूळ विस्कटले की माल पोहोचत नाही. आधी दोन पेशींमधला जोड तुटतो, मग पेशी मरते. मेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही.

बाहेरचे ढिगारे आहेत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे. मेंदूत साफसफाई करणाऱ्या पेशी असतात, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. ढिगारे साठत गेले की या पेशींचा जोर अपुरा पडतो. त्या चवताळल्यासारख्या होतात आणि मेंदूत सूज धरते, त्यात चांगल्या पेशीही भरडल्या जातात. हे ढिगारे साठायला सुरुवात होते ती पहिले लक्षण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी. म्हणजे आजींच्या डोक्यात हे सुरू झाले तेव्हा त्या अजून धडधाकट होत्या, चार घरची धुणीभांडी करत होत्या.

पहिला घाव बसतो तो नवी आठवण साठवणाऱ्या भागावर. त्यामुळे सकाळचा चहा विसरतो, पण पन्नास-साठ वर्षे रोज म्हटलेली वंदना शाबूत राहते. "वंदना बरी आठवते, मग जेवण कसं विसरते? नाटकं करते," असे जे घरोघरी बोलले जाते ते म्हणूनच चूक आहे. ती नाटके करत नाही. चोरीचा आळही असाच येतो. वस्तू आपण कुठे ठेवली ही आठवण साठतच नाही, मग वस्तू गेली याचा अर्थ कोणीतरी नेली. आणि घरात सर्वांत जास्त वेळ जवळ कोण असते? सून.

या गुंत्यावर आपल्या पुण्यात काम झाले आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, बसवाले तिला एन.सी.एल. म्हणतात. तिथे डॉ. सुभाषचंद्रबोस चिन्नाथंबी यांच्या गटाने टाऊचा गुंता कसा होतो आणि तो सोडवता येईल का, यावर अनेक वर्षे प्रयोग केले. २०२० साली या गटाने दाखवले की कडुनिंबातली काही द्रव्ये परीक्षानळीत टाऊच्या धाग्यांचे तुकडे करतात. दुसऱ्या प्रयोगांत, जवसात भरपूर असणारे एक स्निग्धाम्ल दिल्यावर सफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी टाऊचा कचरा अधिक जोमाने गिळताना दिसल्या.

हे वाचून कोणी आजीला कडुनिंबाचा पाला वाटून पाजायला घेईल, म्हणून लगेच सांगते. हे काचेच्या भांड्यातले प्रयोग आहेत. पाल्यातले द्रव्य पोटातून मेंदूपर्यंत किती पोहोचते, कोणत्या मात्रेत अपाय करते, हा फार लांबचा रस्ता आहे आणि त्यावर बहुतेक औषधे गळून पडतात. जवसाची चटणी मात्र खुशाल खा, चांगलीच असते. औषध म्हणून नव्हे, भाकरीबरोबर.

अमायलॉइड साफ करणारे लेकानेमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०२३ साली पूर्णपणे मंजूर झाले. अगदी सुरुवातीच्या रुग्णांत दीड वर्षात घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. आजार थांबला नाही, काहींच्या मेंदूत सूज आली, रक्तस्राव झाला. खर्च ऐकला तर आपण त्या वाटेला जाणार नाही. आपल्याकडे डॉक्टर बहुधा डोनेपेझिल ही गोळी देतात. ती पेशी वाचवत नाही, उरलेल्या पेशींचे काम काही काळ बरे चालवते. लिहून दिली तर जनऔषधीच्या दुकानात आधी विचारा.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यायला हवी. सगळा विसर अल्झायमरचा नसतो. थायरॉईड, मनाची उदासी, डोक्याला लागलेला मार, काही झोपेच्या गोळ्या, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही माणूस विसरू लागतो आणि यातले बरेच वेळेवर उपचार केले तर सुधारते. बी-१२ चे पुण्यात विशेष सांगावे लागते. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातले खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि मध्यमवर्गीय मध्यमवयीन पुरुष तपासले. सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी-१२ कमी निघाले. तेव्हा ससूनच्या ओपीडीत न्या किंवा दुसरीकडे, रक्ताची ही तपासणी झाली का, ते विचारा.

डॉक्टर स्मरणशक्तीची तोंडी चाचणी घेतात. शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, असे त्यात असते. ज्या बाईला शाळेची पायरीच चढू दिली नाही, ती आजार नसतानाही इथे नापास होणार. म्हणून आधीच सांगा, "आजी शिकलेल्या नाहीत." निरक्षर माणसांसाठी वेगळी चाचणी आपल्या देशात नव्वदच्या दशकातच तयार झाली आहे, हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करताना.

आणि शिक्षणाचा संबंध इथेच संपत नाही. २०२३ साली आलेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना, स्मृतिभ्रंश आहे. बायकांत तो जास्त आढळला. लहानपणी शाळा न मिळणे हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे, असे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये पुन्हा नोंदवले. शिकताना मेंदूत जादा जोड तयार होतात. पुढे काही तुटले तरी काम चालवायला शिल्लक राहते. आपल्या आज्यांना ती शिल्लक मिळालीच नाही, आणि का मिळाली नाही हे या मासिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

त्या आयोगाने असे १४ धोके मोजले आणि सगळे टाळता आले तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा पुढे ढकलला जाईल, असा अंदाज दिला. त्यातले बरेच चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाच्या हातातले आहेत. रक्तदाब, साखर, दारू, विडी-सिगारेट, दुचाकीवर हेल्मेट. बहिरेपणाही त्यात आहे, त्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलणे टाळतो, एकटा पडतो, मेंदूला काम उरत नाही. आईला कमी ऐकू येत असेल तर ओरडून बोलण्यापेक्षा कान तपासून घ्या.

आजींच्या घरी आता काय चालले आहे? गोळी सुरू आहे, रक्तदाब आटोक्यात आहे, विसर तसाच आहे. पण घरातली भांडणे कमी झाली. "मगाशीच सांगितलं ना!" हे वाक्य घरातून बंद केले आहे. फुले हरवली म्हणाल्या की सून वाद घालत नाही, "चला, दोघी मिळून बघू," म्हणते. बहुतेक वेळा तांदळाच्या डब्यातच असतात. आजींच्या पोलक्याच्या खिशात मुलाचा मोबाईल नंबर लिहिलेली प्लॅस्टिकमधली चिठ्ठी असते. रात्री शौचालयाला त्यांना एकटे सोडत नाहीत. गल्लीतल्या किराणावाल्याला, रिक्षा स्टँडवरच्या पोरांना सांगून ठेवले आहे, की आजी एकट्या दिसल्या तर गप्पा मारत बसवून ठेवा.

सून सकाळी कामाला जाते, तेव्हाचा प्रश्न अवघड होता. विहारातल्या महिला मंडळाच्या चौघींनी दोन-दोन तास वाटून घेतले. बुधवारचे दोन तास अजून रिकामे आहेत. अशी सोय आपल्या वस्तीत कोणी केली असेल तर या पानाकडे जरूर कळवा. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, आणि सांभाळणाऱ्या सुनेचाच जीव कोंडत असेल तर मानसिक आरोग्यासाठी १४४१६.