भिंतीवर उतरलेला मुलूख

फ्रान्समधल्या रिक्सहाइम गावी झुबेर यांच्या कारखान्यात १८०७ साली एक भिंतकागद तयार झाला. त्याचं नाव ‘हिंदुस्तान’. देवळं, मशिदी, हत्ती, दाट झाडी असा सगळा देखावा वीस पट्ट्यांवर पसरलेला. चित्रकार मोंजां याने त्यासाठी आधार घेतला तो थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज चुलत्या-पुतण्यांनी भारतात फिरून काढलेल्या चित्रांचा. बाराशेहून अधिक लाकडी ठसे एकामागून एक उमटवून तो छापला जाई. याच कारखान्याचा १८३४ सालचा ‘उत्तर अमेरिकेची दृश्ये’ हा कागद १९६१ मध्ये जॅकलीन केनेडी यांच्या पुढाकाराने व्हाइट हाउसमधल्या लंबगोल स्वागतकक्षात लागला.

आज घरोघरी दिसणाऱ्या फोटो वॉलपेपरचे हे थोर पूर्वज. ठशांची जागा आता मोठ्या डिजिटल छपाईयंत्रांनी घेतली आहे, त्यामुळे एकाच घरासाठी, एकाच भिंतीच्या मापाने चित्र छापून मिळतं. आठवड्याभरात दिवाणखान्यात धबधबा येतो.

मात्र चित्र निवडताना बहुतेकांची गफलत होते ती फोटोच्या आकारात. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइल फोटोची रुंदी चार हजार पिक्सेल असते. तो दहा फुटी भिंतीवर ताणला, तर इंचाला जेमतेम तेहतीस पिक्सेल येतात. दुरून चित्र बरं दिसतं. सोफ्यावर टेकून मान वळवली की पानांच्या जागी हिरवे डाग. जवळूनही रेखीव दिसायला हवं तर इंचाला शंभरच्या आसपास पिक्सेल लागतात. इंटरनेटवरून उतरवलेली चित्रं इथे हमखास तोकडी पडतात, शिवाय ती बहुधा कुणाच्या तरी मालकीची असतात. त्यापेक्षा घरातल्याच कुणी चांगल्या कॅमेऱ्याने टिपलेला कोकणकडा किंवा गावाकडची नदी कितीतरी सरस. स्वित्झर्लंडच्या तयार डोंगरांपेक्षा अशा चित्राशी घरच्यांचं नातं असतं, आणि पाहुण्यांना सांगायला गोष्टही.

लहान खोलीत क्षितिजाची रेषा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला आली की भिंत मागे सरकल्यासारखी वाटते. जंगलातली पायवाट, लांबलचक किनारा ही चित्रं त्यासाठी उत्तम. एकच भिंत सजवावी, बाकीच्या तीन फिक्या रंगात शांत ठेवाव्यात. ज्या भिंतीसमोर उंच कपाट येणार, तिथे चित्र लावण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात सगळ्यात मोठा प्रश्न ओलीचा. मुंबई-कोकणात पावसाचा मारा खाणाऱ्या, विशेषतः पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंती आतून दमट होतात. व्हिनाइलचा कागद ही ओल कोंडून धरतो. मग मागे काळी बुरशी धरते, कडा सुटतात आणि पावसाळ्यानंतर कुबट वास येऊ लागतो. गळती आधी बंद करावी, भिंत पूर्ण सुकू द्यावी, पोपडे खरवडून पुट्टी आणि प्रायमर मारावा, मगच कागदाचं नाव काढावं. आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंती या कामाला अधिक भरवशाच्या.

खरं कसब दिसतं ते लावताना. कुशल कारागीर छतापासून ओळंबा सोडून भिंतीवर पेन्सिलीची उभी रेघ मारतो, कारण खोलीचा कोपरा क्वचितच ओळंब्यात असतो. पहिली पट्टी त्या रेघेला लावली की पुढच्या आपोआप सरळ येतात. खळ लावून पट्टी वरून खाली सोडायची, मऊ पट्टीने मधून कडेकडे हवा काढत न्यायची, नि शेजारच्या पट्टीवरचं पान किंवा फांदी तंतोतंत जुळली की नाही ते पाहायचं. एकमेकींवर चढवलेल्या दोन कडा धारदार पात्याने एकदम कापल्या की सांधा नाहीसा होतो. विजेच्या बटणांपाशी मेन स्विच बंद करून, बोर्डाची चौकट काढूनच कागद कापायचा असतो.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी नॉन-वोव्हन प्रकार घ्यावा. हा कागद बहुधा कोरडाच, अख्खा सोलून निघतो. कागदी अस्तराचं व्हिनाइल काढताना वरचा थर निघतो आणि अस्तर भिंतीला चिकटून राहतं. ते पाण्याने भिजवून खरवडावं लागतं. छपाई झाल्यावर फोटोची मूळ फाइल आणि पट्ट्यांचे क्रमांक दुकानदाराकडून मागून घ्यावेत. एखादी पट्टी पोरांनी फाडली किंवा पाण्याने खराब झाली, तर तेवढीच पुन्हा छापून घेता येते. उन्हाने बाकीचं चित्र थोडं फिकं झालं असेल, तर नव्या पट्टीचा रंग मात्र किंचित उठून दिसेल.